पह्यले पाय

माणसाचं चित्र काढायचं झालं की सगळे डोक्यापासून सुरुवात करतात. आधी एक गोल, गोलात डोळे, मग मान, मग धड, आणि पायांची वेळ येईपर्यंत कागद संपतो. मग पाय आखूड करावे लागतात नाहीतर गवतात लपवावे लागतात. पडघान सर पायांपासून सुरुवात करायचे. फळ्याच्या तळाशी खडूनं आधी जमीन, म्हणजे एक आडवी रेघ, तिच्यावर दोन पावलं, मग घोटे, पोटऱ्या, गुडघे, असे ते वर वर जात. मुलींना बराच वेळ कळत नसे की हा कोण उभा राहतोय, पोलीस की गवळण. चेहरा सगळ्यात शेवटी यायचा, आणि कधीकधी तास संपल्याची घंटा व्हायची आणि तो यायचाच नाही. बिनचेहऱ्याची ती माणसं मग माझ्या वाट्याला येत, कारण सरांच्या तासानंतर त्याच वर्गावर माझा इतिहासाचा तास असे.

वाशीमच्या त्या मुलींच्या शाळेत मी नवी होते तेव्हा मला याचा राग यायचा. लढाई शिकवायची आणि मागे फळ्यावर छातीपर्यंत आलेला कुणीतरी हाताची घडी घालून उभा. मुली माझं ऐकण्याऐवजी तो कोण असेल यावर पैजा लावायच्या. एकदा शिक्षकांच्या खोलीत मी त्यांना जरा फणकाऱ्यानंच म्हटलं की सर, निदान डोकं तरी पुरं करून जात जा. ते बशीतून चहा पीत होते. बशी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "बाई, डोकं काय, कोनाचंबी लावता येते. पह्यले पाय. पाय टेकले का मानूस उभा राह्यते." मी देशावरची, वऱ्हाडी बोली मला तेव्हा भांडल्यासारखी वाटे. हा माणूस भांडत नाहीये, शिकवतोय, हे कळायला मला थोडे दिवस लागले.

सुखदेव पडघान उंच, काळेसावळे आणि अंगानं काटकुळे होते. सदऱ्याच्या खिशात ब्लेडनं टोक काढलेली पेन्सिल, केस तेल लावून मागे फिरवलेले, आणि पायात रोज पॉलिश केलेले बूट. सत्तरच्या त्या दशकात वाशीम म्हणजे धुळीचं तालुक्याचं गाव. पॉलिश शाळेच्या फाटकापर्यंतही टिकत नसे. तरी सर मधल्या सुट्टीत मागच्या पायरीवर बसून बूट पुन्हा फडक्यानं पुसत. ड्रॉइंगच्या मास्तराला एवढा थाट कशाला, अशी थट्टा होई. ते हसून सोडून देत. दुसऱ्याची चप्पल उलटी पडलेली दिसली तर मात्र गप्प वाकून ती सुलटी करत, मग ती मुख्याध्यापिकांची असो की झाडणाऱ्या बाईंची. मी याला चमत्कारिकपणा समजत होते.

आणखी एक होतं. खोलीतल्या माठातलं पाणी ते पीत नसत, घरून बाटली आणत. कुणी मनाई केलेली नव्हती. मी एकदा सरळच विचारलं, तर म्हणाले, "कोनी नाई म्हनलं नाई, हे खरं हाये. पन कोनी घ्या बी नाई म्हनलं." दुसऱ्या दिवशी मी पेला भरून त्यांच्यापुढे ठेवला. तो त्यांनी प्यायला आणि नळाखाली विसळून माठाशेजारी पालथा घातला. आमच्यापैकी कुणी कधी पेला विसळत नसे. त्यांचं ते विसळणं मला आवडलं नाही, आणि मी तसं बोलून दाखवलं. तेव्हापासून विसळायचं त्यांनी बंद केलं आणि बाटली आणायचंही.

मुलींचे ते लाडके होते, पण लाड करणारे नव्हते. 'माझी आई' या विषयावर वर्गानं चित्रं काढली तेव्हा बहुतेक आया कॅलेंडरातल्या लक्ष्मीसारख्या आल्या. एका मुलीनं मात्र आईच्या नुसत्या टाचा काढल्या, भेगा पडलेल्या, कापसाच्या ढिगावर टेकलेल्या. वर्ग हसला. सरांनी ते चित्र भिंतीवर लावलं आणि दुसऱ्या दिवशी भेगांवर लावायच्या मलमाची डबी त्या मुलीच्या हातात ठेवली. हे तुझ्या चित्राचं बक्षीस, आईला दे, एवढंच म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे गेले.

आमची संस्था चालवणारे अध्यक्ष म्हणजे भाऊसाहेब, सरकी काढण्याच्या जिनांचे मालक, बोलायला अगदी गोड. कुठल्याशा लग्नात त्यांना कुणा विद्वानानं सांगितलं की तुमचं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटक राजांची राजधानी. अजिंठ्याची कितीतरी लेणी त्यांच्याच राज्यात कोरली गेली. भाऊसाहेब अस्वस्थ होऊन परत आले. आपल्या गावात राजे होऊन गेले आणि आपल्याला पत्ता नाही, ही गोष्ट त्यांना फसवणुकीसारखी लागली. संस्थेतर्फे त्या राजघराण्याचा सचित्र इतिहास काढायचा असं ठरलं. सोप्या भाषेत, पानापानाला चित्र. शेतकऱ्यानं बांधावर बसून वाचावा, बाईनं चुलीपुढे वाचावा. मजकूर माझ्याकडे आला आणि चित्रं पडघान सरांकडे.

मजकुराचं मी कसंतरी जमवलं. अडलं ते चित्रांशी. त्या राजांचे ताम्रपट आहेत, लेण्यांत शिलालेख आहेत. कोण कुणाचा मुलगा, कुणी कुणाला गाव दिलं, हे कळतं. नाक-डोळे कुणाचेच कळत नाहीत. मी हे सरांना सांगितलं तेव्हा मला वाटलं ते हिरमुसतील. उलट त्यांचे डोळे चमकले. मग बरंच आहे म्हणाले, चुकलं असं कुणाला म्हणता येणार नाही. राजे काही आभाळातून पडले नसतील, इथल्याच मातीतले असतील, तर त्यांचे चेहरेही इथेच फिरत असणार, हा त्यांचा हिशेब. ते आठवडी बाजारात वही घेऊन मसालेवाल्याच्या शेजारी बसू लागले. कांद्यावालीची मान राणीला आली. चवरी ढाळणारी दासी शाळेतल्या शिपायाच्या सुनेसारखी दिसू लागली, आणि ती सून ते चित्र बघायला दोनदा शाळेत येऊन गेली.

बाजाराबाहेरचेही काही चेहरे आले. भाऊसाहेब स्वतः काही बोलले नाहीत. त्यांच्या दिवाणजीनं एक फोटो आणून दिला आणि जरा खाकरला. झालं, भाऊसाहेब राजाचे प्रधान झाले. संस्थेच्या चिटणीसांच्या मिशा सेनापतीला गेल्या. दोघंही खूष. मी सरांना म्हटलं की तुम्ही इतके व्यवहारी असाल असं वाटलं नव्हतं. ते म्हणाले, "त्याइले दरबारात जागा पायजे होती, देली. राजा मायापाशी हाये."

पण राजा काही कागदावर येईना. अकोल्याचा छापखाना तगादा लावत होता, बाकीची चित्रं रंगवून तयार होती, आणि मुख्य चित्राच्या जागी कोरा पुठ्ठा. मी घाई केली की सर म्हणत, "राजा काय पयून राह्यला का, बाई?" शेवटी एका दुपारी त्यांनी खरं सांगितलं. त्यांना राजासाठी एकाच माणसाचे पाय हवे होते, त्यांच्या वडिलांचे. आणि वडील चपला काढायला तयार नव्हते.

हे मला समजलं नाही, तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. वडील, किसनबाबा, रिसोडच्या वाटेवरच्या रिठदचे. धर्मांतराच्या आधी गावची महारकी त्यांच्या घराकडे होती. साहेबाची बैलांची दमणी आली की तिच्यापुढे धावत वाट दाखवायची, कुणी मेलं की पायी गावोगाव निरोप न्यायचा. मोठ्या घरांच्या गल्लीत शिरताना पायातलं काढून हातात घ्यायचं. मग छप्पन साली ते नागपूरला गेले, दीक्षा घेतली, आणि येताना नव्या चपला घालून आले. त्या घालूनच ते त्या गल्लीतून गेले. त्या दिवशी गल्लीत काय झालं ते सर सांगत नसत. झालं ते झालं म्हणत. पण तेव्हापासून किसनबाबा कुणापुढे अनवाणी उभे राहिले नव्हते. पावसाळ्यात शेतात चप्पल रुतली तर थांबत, उपसून धुऊन पुन्हा घालत, मग पुढे जात. सरांनी चित्राचं विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, की तुझ्या राजासाठी मी उघड्या पायांनी उभा राहू का, लय राह्यलो.

सरांचे बूट मला त्या दुपारी कळले.

"दुसऱ्या कुणाचे पाय घ्या ना," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, बाई, हे राजे ज्या काळात होते, त्या काळात इथल्या प्रधानानं बुद्धाचं लेणं कोरवलं. अजिंठ्याच्या भिंतीवर त्याचा लेख आहे, तुम्हीच सांगितलं. माझ्या बापानं जन्मभर ऐकलं की तुमचा या गावाशी संबंध निरोप पोचवण्यापुरता. त्याला पुस्तकात दाखवायचंय की तूही इथलाच आहेस. त्याच्या डोळ्यांदेखत दाखवायचंय. 

थंडीत एका सुट्टीला आम्ही एस.टी.नं रिठदला गेलो. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या आणि बाया कापूस वेचत होत्या. किसनबाबा अंगणात बाजेवर बसले होते. सरांसारखेच उंच, डोळ्यांत मोतीबिंदूची झाक, अंगात धुतलेली बंडी आणि पायात टायरच्या तळाच्या जाड चपला. मी नमस्कार केला तर त्यांनी 'जय भीम माय' म्हणून बाजेवरची जागा करून दिली आणि पुतणसुनेला चहा टाकायला सांगितला. चहा होईपर्यंत कुणीच विषय काढला नाही. मग त्यांनीच माझ्याकडे वळून विचारलं, "तू इतिहास शिकोतं म्हंते हा. राजाच्या पायात काय राह्यते, माय?"

मी अजिंठ्याला पाहिलेलं सांगितलं. भिंतीवर जुन्या गोष्टींतले राजे रंगवले आहेत. डोक्यावर उंच मुकुट, गळ्यात मोत्यांच्या माळा, शेजारी राणी, भोवती माणसं. आणि राजाचे पाय उघडे. महालात बसलेला असो की उभा असो, पायात काही नाही.

ते आपल्या चपलांकडे बघत राहिले. कपातला चहा निवत होता.

"त्याले कोनी काढाले लावली व्हय?"

"नाही बाबा. त्याला कोण लावणार? तो त्याच्या घरात आहे."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. "खरं हाये का रे सुखदेवा?" सर म्हणाले, खरं आहे, मी जाऊन पाहिलं. किसनबाबांनी चहा संपवला, बाज धरून उठले आणि घराच्या दारापर्यंत गेले. तिथं उंबऱ्याशी त्यांनी आधी एक चप्पल काढली, मग दुसरी, दोन्ही वाकून जोडीनं लावून ठेवल्या, आणि आत जाऊन सारवलेल्या जमिनीच्या मधोमध उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "हे मायं घर हाये. अठी काढ."

सर दारात मांडी घालून बसले. मांडीवर कागद. पहिली आडवी रेघ त्यांनी ओढली आणि पुसली, पुन्हा ओढली आणि पुन्हा पुसली. इतक्या वर्षांत फळ्यावर तो हात कधी अडखळला नव्हता. मला तिथं उभं राहवेना आणि निघूनही जाववेना. रुंद, पसरट पावलं होती ती, बोटं एकमेकांपासून फाकलेली, डाव्या पायाची करंगळी तेवढी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. पाय, मग घोटे, मग गुडघे. पुतणसुनेनं दोनदा म्हटलं की बाबा जरा टेका. ते टेकले नाहीत. चेहरा शेवटी आला, आणि त्या दिवशी मध्ये घंटा झाली नाही.

रंगवून झालेलं चित्र शाळेच्या स्नेहसंमेलनात बाकीच्या चित्रांबरोबर मांडलं. महालाच्या फरशीवर अनवाणी उभा असलेला, किंचित थकलेला, पण कुणाला हलवता येणार नाही असा तो राजा होता. लोक त्याच्यापुढे थांबत आणि आवाज खाली आणून बोलत. भाऊसाहेब तर निघेचनात. याला म्हणतात राजा, बघा उभा कसा आहे, असं ज्याला त्याला सांगत होते. तेवढ्यात त्यांचे मेहुणे आले. ते रिठदला शेती करत. त्यांनी प्रधान ओळखला, सेनापती ओळखला, हसले, आणि राजापुढे येऊन म्हणाले, "अरे, हा त आमच्या गावचा किसन्या." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ओळखीचा माणूस दिसल्याचा आनंदच होता. पण भाऊसाहेब दुसऱ्या चित्राकडे वळले.

दोन-तीन दिवसांत बैठक झाली. भाऊसाहेब नेहमीसारखेच गोड होते. चित्र अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माणूस ओळखू येतो, आणि ओळखू आला की राजा वाटत नाही. सरांनी चेहरा तेवढा बदलावा. मी म्हटलं, प्रधानही ओळखू येतो, भाऊसाहेब. चिटणीसांना खोकला आला. भाऊसाहेब हसले आणि म्हणाले, प्रधानाची गोष्ट निराळी. ती कशी निराळी हे त्यांनी सांगितलं नाही, आणि त्या खोलीत ते कुणाला सांगण्याची गरजही नव्हती. माझा तोल गेला. चित्र जाणार नसेल तर मजकूरही परत द्या, असं मी म्हणून टाकलं. पडघान सरांनी हात वर केला आणि मुलींना गप्प करतात तसं मला गप्प केलं.

व्हरांड्यात आल्यावर मी त्यांच्यावरच उखडले. ते भिंतीला टेकून उभे होते.

"बाई, पुस्तक निंगू द्या," ते म्हणाले. "बाप म्हातारा हाये. डोये चालले त्याचे. म्या त्याले शब्द देला हाये."

"आणि चेहरा? बदलणार तुम्ही?"

त्यांनी खिशातली पेन्सिल काढून तिचं टोक बघितलं. मग म्हणाले, "म्या म्हनत होतो ना, डोकं काय, कोनाचंबी लावता येते. नाई लावता येत, बाई."

त्यांनी नवा पुठ्ठा घेतला आणि राजा फिरवला. नव्या चित्रात राजा महालाच्या पायऱ्यांवर आपल्याकडे पाठ करून उभा होता. समोर, खाली, सगळं वत्सगुल्म जमलेलं, बाजारातली ती कांद्यावाली, मसालेवाला, शिपायाची सून, आणि एका बाजूला प्रधान नि सेनापतीसुद्धा. सगळे मान वर करून राजाच्या तोंडाकडे बघताहेत, जे आपल्याला दिसत नाही. राजाची पाठ दिसते आणि पाय. डावं पाऊल जरासं बाहेर वळलेलं, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. भाऊसाहेबांना हे फार आवडलं. राजा प्रजेकडे बघतो आहे, ही कल्पनाच थोर, असं ते म्हणाले, आणि प्रकाशनाच्या भाषणापर्यंत ती कल्पना त्यांची स्वतःची झाली होती.

पहिली प्रत घेऊन आम्ही पुन्हा रिठदला गेलो. किसनबाबांनी हात धुतले, पुसले आणि पुस्तक घेतलं. वाचता येत नव्हतं. चित्रं ते डोळ्यांजवळ धरून बघत होते. राजाच्या पानाशी सरांनी हात लावून सांगितलं, हे तुमचं. बाबांनी ते पान जवळ नेलं, दूर नेलं. मग त्यांनी पान उलटलं. पाठ या बाजूला आहे तर तोंड मागच्या बाजूला असेल, असं त्यांना वाटलं. मागे माझा मजकूर होता. त्यांनी पान पुन्हा सुलटं केलं. सरांची मान खाली गेली होती. त्या घटकेला मला माझ्या त्या सोप्या भाषेतल्या सगळ्या मजकुराची चीड आली.

"तोंड काहून नाई?" बाबांनी विचारलं.

सर खोटं बोलले असते तर मी समजू शकले असते. ते म्हणाले, "होतं. त्याइनं नाई येऊ देलं."

 बाबांचं बोट चित्रावरून खाली खाली आलं आणि डाव्या पावलापाशी थांबलं. करंगळीवरून ते एकदा मागे, एकदा पुढे फिरलं. "करंगोयी त मायीच हाये," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "उभा हाये ना?"

"हाये, बाबा."

"मंग राहू दे."

पुस्तक त्यांनी धुतलेल्या फडक्यात बांधून बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवलं. परतीच्या एस.टी.त सर खिडकीबाहेर बघत होते. वाशीमच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले की पहिलं चित्र, तोंडाचं, मी बापाच्या घरी भिंतीवर लावणार आहे. पुस्तक लोकांचं, भिंत आमची. ते त्यांनी पुढच्याच आठवड्यात केलं. पुस्तकाचं पुढे जे व्हायचं तेच झालं. काही प्रती बक्षिसांत गेल्या, काही संस्थेच्या कपाटात राहिल्या. पाठमोऱ्या राजाचं कौतुक मात्र अजून कुणीकुणी माझ्यापाशी करतं. मी ऐकून घेते.

बापाच्या हयातीत पुस्तक निघावं म्हणून धडपडलेला हा माणूस बापाआधी गेला. ते दशक संपायच्या आत, उन्हाळ्यात, त्यांना कावीळ झाली. अंगावर काढली, मग अकोल्याला हलवलं, आणि तिथून त्यांना परत आणलं ते रिठदला. शाळेतून आम्ही सगळे गेलो. मोठ्या मुली रडत होत्या. त्यांच्यापैकी एकीनं मला हळूच सांगितलं की फळ्यावर सरांचं शेवटचं अर्धं चित्र तसंच आहे, बाई, पुसायचं का? मी नको म्हटलं.

घरात भिंतीवर ते चित्र होतं. त्याच्या खालीच किसनबाबा बसले होते.  सरांना न्यायची वेळ झाली तेव्हा ते उठले, उंबऱ्याबाहेर आले आणि चालू लागले. दुपारची जमीन तापून निघाली होती. कुणाच्या तरी लक्षात आलं की बाबांच्या पायात काही नाही. पुतण्या धावत गेला आणि त्या टायरच्या चपला आणून त्यांच्यापुढे जोडीनं ठेवल्या. सगळा गाव उभा होता, त्या जुन्या गल्लीतली माणसंही आलेली होती. बाबांनी चपलांकडे पाहिलं आणि त्या बाजूला सारल्या.

"बाबा, पाय भाजतीन," पुतण्या म्हणाला.

"राहू दे," ते म्हणाले. "पोरासंगं हाओ मी. घरच्यापाशी कायले घालू?"

ते पुढे निघाले. मी त्यांच्या मागून चालत होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांची पाठ दिसत होती, आणि पाय.